सतरा नंबरची विहीर

लग्नाच्या वयात आमची पोर लोकांच्या विहिरी मोजत हिंडत होती, असं माझी आई अजूनही आल्यागेल्याला सांगते. त्यात तिखटमीठ काही नाही. सात वर्षं आणि वर काही महिने मी पीएच.डी.ची विद्यार्थिनी होते. इतकी वर्षं मी दुसरं कुठलंच काम टिकून केलेलं नाही, म्हणून कामाच्या आठवणी लिहा म्हटल्यावर मला तेच दिवस आठवले. आता नगरजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. नावामागे डॉक्टर लागलंय. सोसायटीतल्या एक आजी पहिल्यांदा भेटल्या तेव्हा गुडघे दाखवायला घेऊन आल्या होत्या.

सिव्हिलमध्ये पीएच.डी. म्हटलं की लोकांना वाटतं, ही पूल बांधत असणार. शेजारचे काका घराचा जिना आतून घ्यावा की बाहेरून, हे विचारायला यायचे. पर्यावरण अभियांत्रिकी म्हटलं की वृक्षारोपणाचं बोलावणं यायचं. मी यातलं काहीच करत नव्हते. जमिनीच्या पोटातलं पाणी किती खाली गेलंय, एवढंच मी मोजत होते. पाथर्डी तालुक्यात शेजारशेजारची दोन गावं घेतली होती. एका गावात पाणलोटाची कामं झालेली होती, म्हणजे डोंगरउतारावर चर खणलेले, ओढ्यानाल्यांवर बंधारे घातलेले. दुसऱ्या गावात यातलं काही झालेलं नव्हतं. दोन्ही गावांतल्या मिळून चोवीस विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी घ्यायची, सलग तीन वर्षं, आणि बंधाऱ्यांनी नक्की किती फरक पडतो ते आकड्यांत सांगायचं, असा माझा विषय होता. गावांची नावं मी प्रबंधात लिहिली नाहीत, इथंही लिहीत नाही. विहिरींना नंबर होते.

काम ऐकायला सोपं आहे आणि करायलाही सोपं आहे. कंटाळवाणं मात्र भयंकर. एक लांब टेप असते, तिच्या टोकाला पाणी लागलं की वर भोंगा वाजतो. विहिरीच्या कठड्यावर एक खूण करून ठेवायची, दर वेळी तिथूनच टेप सोडायची, भोंगा वाजला की आकडा वहीत. मग पुढची विहीर. मोटर चालू असेल तर ती बंद करायला सांगायची आणि पाणी जागेवर येईपर्यंत बाभळीखाली बसून राहायचं. सकाळी नगरहून एसटी, पुढं सीटं भरली की निघणारी वडापची जीप, आणि मग पायी. शेवटच्या हंगामात स्कूटी घेतली, तोवर चपलांचे अकरा जोड झिजले.

सुरुवातीला लोकांना मी मीटर बसवणारी वाटायचे. मी शिवारात दिसले की मोटरी बंद व्हायच्या, स्टार्टरच्या पेटीवर पोती पडायची. एक म्हातारे गृहस्थ तर दोन महिने मला सांगत होते की ही विहीर आमची नाहीच, भावकीतल्या एकाची आहे आणि तो मुंबईला असतो. मग गावात राहणारे किसनअण्णा पाणाड्या यांनी माझी हमी घेतली. तळहातावर नारळ आडवा धरून ते रानातून चालत आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी आहे म्हणून सांगत. मला ते आपल्याच धंद्यातलं माणूस समजत. "आमी पानी हाय का ते सांगतो, ह्या बाई किती हाय ते सांगत्यात," असं त्यांनी पारावर सांगितलं आणि माझी वाट मोकळी झाली. विज्ञानाच्या वतीने मी याला हरकत घ्यायला हवी होती. घेतली नाही, कारण चोवीसपैकी नऊ विहिरी मला त्यांच्या शब्दावर मिळाल्या.

आडनाव विचारणारेही भेटले. आम्ही श्रीरामपूरकडचे, बौद्ध. माझ्या आजोबांना लहानपणी गावच्या विहिरीच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती आणि त्यांची नात दोन गावांतल्या विहिरींत टेप सोडून बसली होती, याचा मला मनातून फार अभिमान होता. एका मळ्यात आडनाव ऐकल्यावर मालक म्हणाले, "आना मॅडम तुमची टेप, मीच सोडतो आत, तुमाला कशाला तरास." तीन वर्षं त्या विहिरीत टेप त्यांनीच सोडली. आकडा मी लिहिला. भांडले असते तर विहीर गेली असती, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला विहिरीपेक्षा मान मोठा वाटत नाही. आता वाटतो.

सतरा नंबरची विहीर हौसाबाईंची. बंधारे नसलेल्या गावात, एका नाल्याच्या काठाला. हौसाबाई साठीच्या पुढच्या, उंच, खणखणीत आवाजाच्या. पहिल्याच दिवशी मी कठड्यावर खूण करत होते तर त्या पाठीमागून म्हणाल्या, "कुनाची गं तू? उन्हाची करपशील. घरात ये आदी." त्यांनीही आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी चुलीपुढं पाट टाकला आणि बाजरीची भाकरी वाढली. त्यानंतर तीन वर्षं माझा डबा मी त्या गावात कधी उघडला नाही.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायच्या. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळ्यातच परत यायची. "तुमच्या शिरामपुराकडंच तोडायचो आमी. तुमच्या शाळंच्या मागं कोप्या असायच्या न्हवं, त्यातली एक आमची म्हन." शाळेमागच्या त्या कोप्या, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, मला आठवत होत्या. तिथल्या मुलांशी आम्ही खेळायचो नाही, तेही आठवत होतं.

मग त्यांच्या मालकांनी विहीर खणायचं मनावर घेतलं. किसनअण्णांनी नारळ धरून दुसरी जागा दाखवली होती. मालकांनी ऐकलं नाही. नाल्याच्या काठाला करंजीचं झाड भर उन्हाळ्यात हिरवं राहायचं, तिथंच खणायचं म्हणून हट्ट धरला. आठ परसांवर, म्हणजे चाळीस-पन्नास फुटांवर पाणी लागलं. फार नाही, पण ज्वारी, थोडा कांदा, लिंबाची झाडं आणि दोन म्हशी एवढं भागायचं. त्या वर्षापासून हौसाबाईंनी कोयता टाकला. मालक गेले, मुलगा दत्तू आणि सून संसाराला लागले, तेही तोडीला गेले नाहीत. "मी पुन्ना त्या फडात पाय ठेवनार न्हाई," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांच्याआधी मला पाठ झालं होतं. विहीर उन्हाळ्यापर्यंत टिकली तर घर जागेवर राहणार, दिवाळीत आटली तर घर टोळीबरोबर जाणार. इतका साधा हिशोब होता आणि तो मला ठाऊक होता.

आता कंट्रोल म्हणजे काय ते सांगायला हवं. एखादं खत खरंच लागू पडतं का हे बघायचं असेल तर शहाणा शेतकरी एक पट्टा मुद्दाम बिनखताचा ठेवतो. सगळीकडेच खत घातलं तर पीक खतानं आलं की पावसानं, हे कळणार कसं? तो बिनखताचा पट्टा म्हणजे आमचं कंट्रोल. माझ्या कामात बंधारे नसलेलं गाव म्हणजे कंट्रोल. तिथं दहा विहिरी होत्या, पण कुणी मध्येच आडवी बोअरं मारली, कुणी शेततळ्याचं पाणी विहिरीत आणून सोडलं, एक तर चक्क बुजवली. तिसरं वर्ष लागेपर्यंत ज्यात कुणी काही ढवळाढवळ केली नव्हती अशी एकच धड विहीर उरली होती. सतरा नंबर. दर सहा महिन्यांनी आमचा प्रगती अहवाल असे, समिती समोर बसे, आणि सर सांगत, "बाकी सगळं गेलं तरी सतरा सांभाळ."

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. वाईट माणूस नाही. त्यांच्या हाताखाली अकरा विद्यार्थी होते आणि प्रत्येकाची एखादी सतरा नंबरची विहीर होती. मला विद्यापीठानं एकदा मुदतवाढ दिली होती, दुसरी मिळेलच याची खात्री नव्हती.

तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्याआधी बंधाऱ्याच्या योजनेत त्या कंट्रोलच्या गावाचंही नाव आलं. एक सिमेंटचा बंधारा मंजूर झाला. शाखा अभियंता जागा बघायला आले. जवळपास माझ्याच वयाचे, पूर्वी आमच्याच कॉलेजला दोन वर्षं पुढे असलेले. दोन जागा होत्या. एक हौसाबाईंच्या विहिरीच्या वरच्या अंगाला, नाल्यावर. दुसरी गावाच्या पलीकडं, डोंगराकडच्या ओढ्यावर. ते मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही इथं दोन वर्षं पालथं घातलंय सगळं. आम्ही एका दिवसात काय बघणार? तुम्हीच एक टिपण द्या, मी जोडून टाकतो."

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "नाल्यावर बंधारा झाला तर कंट्रोल गेलं. पुन्हा नवीन विहीर, पुन्हा तीन वर्षं. बघ, तुला योग्य वाटेल ते लिही." त्यांनी सांगितलं ते एवढंच. बाकीचं मी केलं.

नाल्याचा वरचा टप्पा मी चालून पाहिला. तिथं तळाला काळा पाषाण उघडा पडलेला आहे, त्यात पाणी मुरत नाही. विहिरीजवळ, खालच्या टप्प्यात, पाषाण संपतो आणि भुसभुशीत मांजऱ्या खडक लागतो. तो पाणी पितो. हे मला सतरा नंबरच्या विहिरीत डोकावून कधीच कळलेलं होतं, विहिरीच्या भिंतीत थर स्वच्छ दिसतात. बंधारा खालच्या टप्प्यात घातला असता तर हौसाबाईंच्या विहिरीला निदान दोन महिने जास्त पाणी राहिलं असतं. मी टिपणात लिहिलं, "पाहणी केलेल्या भागात नाल्याच्या तळाशी कठीण पाषाण आढळून आला. पाणी मुरण्याच्या दृष्टीने सदर जागा योग्य वाटत नाही." खाली सही केली. त्या टिपणात एकही वाक्य खोटं नव्हतं. कुठला भाग पाहिला आणि कुठला पाहिला नाही, एवढंच लिहायचं राहिलं.

बंधारा डोंगराकडच्या ओढ्यावर झाला. चांगला झाला. तिकडच्या सहा-सात घरांना त्याचं पाणी लागलं, आणि पुढं बरेच दिवस मी ती घरं मोजून स्वतःची समजूत घालत होते.

त्या वर्षी पाऊस अर्धवट झाला. सतरा नंबरची पातळी दर पंधरवड्याला खाली जाऊ लागली आणि कागदावर माझी रेघ सुरेख उतरू लागली. बंधाऱ्याच्या गावातल्या विहिरींची रेघ वर थांबलेली, सतराची सरळ खाली. दोन रेघांमध्ये जी फट पडली, तेच माझं संशोधन. घरी आलेख काढताना मला आनंद व्हायचा, हे लिहायला लाज वाटते, पण व्हायचा. पाचव्या वर्षापर्यंत माझ्याकडं दाखवण्यासारखं काही नव्हतं. आता होतं.

हौसाबाईंकडची मोटर आधी दोन तास चालायची, मग तास, मग अर्धा. लिंबाची पानं गुंडाळू लागली. एक म्हैस विकली. दुसरी विकायच्या दिवशी मी तिथंच होते, हौसाबाई गोठ्याकडं पाठ करून शेंगा फोडत बसल्या होत्या. "किती हाय गं आज?" त्या दर वेळी विचारायच्या. मी आकडा सांगायचे. "म्हंजी गेल्या टायमापेक्षा खालीच की," त्या म्हणायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या. पाणी कमी झालं तसा चहा कमी झाला नाही. मला नको म्हणायचं सुचायचं, पण नको म्हणायची कारणं काय देणार होते मी?

मध्येच एकदा वाटेत यारी दिसली. यारी म्हणजे विहिरीतला दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र. दत्तूनं ती ठरवली होती, विहीर दोन परस खोल करायला. विहीर खोल झाली की रेघ मोडली. पंधरा दिवसांनी गेले तर यारी नव्हती आणि विहीर होती तशीच होती.

"खोल करणार होतात ना?" मी विचारलं.

"न्हाई. रद्द केलं," दत्तू म्हणाला. तो मितभाषी होता, मान वळवून कामाला लागला.

का रद्द केलं ते मी विचारलं नाही. वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "बदल नाही." परत येताना जीपमध्ये मी शेजारच्या बाईला शेंगदाणे दिले, इतकी मी खूष होते.

त्या दिवाळीनंतर दत्तू आणि सून टोळीबरोबर गेले. हौसाबाई एकट्या मागं राहिल्या. गावात टँकर यायचा, दोन हंडे वस्तीवर आणायला त्यांना दुपार लागायची. मी जायचे तेव्हा एक कॅन भरून न्यायचे. पाणी मोजायला जाताना पाणी घेऊन जायचं, असा माझा शेवटचा हंगाम गेला.

प्रबंध लिहून द्यायला आणखी दीड वर्ष लागलं. तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते, या विषयातलं मोठं नाव. त्यांनी बाकीची पानं भराभर उलटली आणि सतराच्या आलेखावर बोट ठेवलं. "अशी स्वच्छ कंट्रोल विहीर मी तीस वर्षांत पाहिली नाही. तीन वर्षं कुणीच हात लावला नाही? कसं जमवलंत?"

मी म्हणाले, "मालकांचं सहकार्य मिळालं."

टाळ्या झाल्या, पेढे वाटले. सरांनी खांद्यावर थोपटलं. आईला फोन केला तर ती रडली. रात्रभर मला झोप लागली नाही असं लिहायला बरं दिसेल, पण मी गाढ झोपले. टोचणी लागली ती पुढच्या आठवड्यात. आभाराच्या पानावर मी "सर्व विहीरमालक" असं लिहिलं होतं. छापील प्रत हातात घेऊन ते पान तीनदा वाचलं.

मी प्रबंध घेऊन तालुक्याच्या कार्यालयात गेले. तेच शाखा अभियंता तिथं होते. त्यांनी खुर्ची दिली, अभिनंदन केलं, चहा मागवला. मी आलेख उघडून त्यांना दाखवला. म्हटलं, ही विहीर बघा कशी कोरडी पडली आहे, हिच्या जरा वर नाल्यावर बंधारा घाला, नाल्याच्या खालच्या टप्प्यात जागा उत्तम आहे, मी लेखी देते. त्यांनी आलेख नीट पाहिला. मग कपाटातून गावाची फाईल काढली, पानं चाळली आणि एक कागद माझ्यापुढं सरकवला. माझंच टिपण होतं. माझी सही, खाली कॉलेजचं नाव.

"मॅडम, ही जागा अयोग्य आहे असं तुम्हीच दिलंय. आता दुसरा बंधारा मागायचा तर वरचे पहिल्यांदा हेच काढणार."

"ते चुकीचं होतं."

"तेव्हा तुम्ही विद्यार्थिनी होता. आता डॉक्टर आहात, तुमच्या मताचं वजन वाढलंय. तुमचंच मत मी कसं खोडू?" ते चेष्टा करत नव्हते. खरोखर अडचणीत पडल्यासारखे बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी आवाज खाली केला. "चुकलं होतं की...?"

मी तिथंच कागद मागून घेतला आणि दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पाहणीत नाल्याचा खालचा टप्पा मी मुद्दाम वगळला होता, तिथला खडक पाणी मुरण्यास योग्य आहे, असं स्वच्छ लिहिलं. मुद्दाम हा शब्द लिहिला आणि खाली सही केली.

संध्याकाळी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हे कुणी प्रबंधाशी जोडलं तर तुझी पदवी चौकशीत जाईल. माझं नावही जाईल. आणि बंधारा तरीही होणार नाही." नोकरीची मुलाखत पुढच्या महिन्यात होती. ती दिली, नोकरी लागली, पदवीवर कुणी बोट ठेवलं नाही. बंधाऱ्याचं मात्र सरांचं म्हणणं खरं ठरलं. एकाच माणसाची दोन उलट मतं फाईलला लागली, म्हणून तिसरं मत घ्यायचं ठरलं. तिसरं मत देणारे अजून आलेले नाहीत. मी विचारायला जाते तेव्हा ते शाखा अभियंता अजूनही खुर्ची देतात, चहा मागवतात.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हौसाबाईंकडं गेले. जायचं तर कबूल करायला जायचं, असं महिनाभर ठरवत होते. वस्तीवर ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत गोधड्या, भांडी, पत्र्याची पेटी, कोंबड्यांची डालगी चढवलेली. टोळी निघाली होती. मला वाटलं दत्तू आणि सून चाललेत. मग हौसाबाई घराला कुलूप लावताना दिसल्या. नवं लुगडं, कमरेला पिशवी.

"तुम्ही कुठं?"

"कुठं म्हंजी? ह्यांच्यासंगं. टँकर आता गावात येत न्हाई, वड्यापल्याडच्या फाट्यावर उभा ऱ्हातो. गुडघं चालत न्हाईत तितकं. एकलीनं काय करू हितं? भाकऱ्या बडवीन कोपीवर, अजून काय." त्यांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

मी तिथंच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बंधारा त्यांच्या नाल्यावर होणार होता, तो मी होऊ दिला नाही. माझं काम मोडू नये म्हणून होऊ दिला नाही. शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही वेळेवर आठवला नाही, मी नुसती बडबडत गेले. टोळीतल्या बायका ट्रॉलीतून बघत होत्या.

हौसाबाईंनी किल्ली पदराच्या गाठीत बांधली. "बंधाऱ्याचं ठावं हाय आमाला. गरामसभेत तुजा कागद वाचला हुता की. दत्तू हुता तितं."

"मग बोलला का नाही मला?"

"काय बोलायचं? तू शिकल्याली. कागदात लिव्हलं हुतं, खाली काळा पाषान हाय. तुला ठावं नसंल तर कुनाला ठावं? म्हनून तर यारी माघारी धाडली दत्तूनं. पाषानात खोल जाऊन काय मिळतंय, म्हनला." माझ्याकडं नीट बघत त्या म्हणाल्या, "म्हंजी पाषान न्हवता व्हय?"

"वर आहे. तुमच्या विहिरीपाशी नाही."

"आन खोल केली असती तर?"

"पाणी लागलं असतं. बहुतेक लागलंच असतं."

दत्तू ट्रॉलीची दोरी आवळत होता. त्यानं ऐकलं होतं, दोरी धरलेला त्याचा हात थांबला होता.

"दत्तू, ऐकलं का रं," हौसाबाई मोठ्यानं म्हणाल्या. "जागा खोटी न्हवती. लोकं उगीच नावं ठेवीत हुती तुज्या बापाला, नाल्याच्या काटाला पाषानात हीर खांदली म्हून. त्यांची जागा बरोबर हुती."

दत्तूनं दोरीला गाठ मारली. "आता ऐकून काय करू त्याचं? चल, आई, उशीर हुतोय," असं म्हणून तो माझ्याकडं न बघता पुढं ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

हौसाबाईंच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. त्या मला शिव्या देतील, तोंड फिरवतील, याची मी तयारी करून आले होते. चांगली बातमी ऐकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि त्याची माझी काहीच तयारी नव्हती. ट्रॉली उंच होती. त्यांनी एक पाय वर टाकून पाहिला, गुडघा उचलेना. आजूबाजूला पाहिलं, जवळ मीच होते. "धर गं जरा," म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी त्यांना धरून ट्रॉलीत चढवलं.